राज्यपालांच्या हिरवळीवरचं एक चौरस मीटर

राज्यपालांच्या बायकोने काय काय करू नये याची एक लांबलचक यादी असते. ती कुठेच लिहिलेली नसते, त्यामुळे ती खोडताही येत नाही. जोरात हसू नये, दुसऱ्यांदा वाढून घेऊ नये, भाषण चालू असताना जांभई देऊ नये, स्वतःच्या हाताने दार उघडू नये. हिरवळीवर बसू नये हे मात्र त्या यादीत नव्हतं, कारण एखाद्या राज्यपालांची बायको हिरवळीवर फतकल मारून बसेल असं यादी करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. नेचेबाई बसल्या, आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं.

शुक्रवारची सकाळ होती. बंगल्यासमोरच्या मोठ्या हिरवळीवर बाईंचा फेरफटका चालू होता. चालता चालता त्या थांबल्या, मटकन खाली बसल्या आणि मग चक्क पालथ्या झाल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वायरलेसवर कळवलं, "मॅडम बसल्या." दहा सेकंदांनी कळवलं, "मॅडम आडव्या झाल्या." तिसरा निरोप द्यायची वेळ आली नाही. तोवर राज्यपालांच्या मागे सदैव उभा असणारा लष्करी अधिकारी, ज्याला तिथे एडीसी म्हणत, डॉक्टर आणि स्ट्रेचर घेऊन पळत सुटला होता.

"मॅडम, कुठे दुखतंय?" डॉक्टरांनी धापा टाकत विचारलं.

"दुखत कुठेही नाहीये. तुमचा उजवा बूट उचला. हळू. सरळ वर. आता मागे ठेवा."

डॉक्टरांनी बूट उचलला. बुटाखाली काही नव्हतं, पण बुटाच्या पुढे चार बोटांवर एक हिरवं पान उभं होतं. एकच. अंगठ्याच्या नखाएवढं. आणि त्याच्या बेचक्यातून एक बारीक तुरा वर आला होता. बाईंनी असे सतरा मोजले.

आता हे सांगायला हवं की राज्यपालीणबाई होण्याआधी बाई एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होत्या. त्यातही त्यांचा जीव नेच्यांवर, म्हणजे फर्नवर. ना फूल, ना फळ, ना वास, अशी ही वनस्पती. तिच्यावर जीव लावायचा म्हणजे स्वभावातच काहीतरी लागतं. मुलांनी त्यांना नेचेबाई म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. बंगल्यात आल्यापासून सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत, आणि दर वेळी बाईंना वाटे की मागे दुसरंच कोणीतरी उभं आहे.

बावीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या मैदानावर त्यांना हेच एकपानी नेचं दिसलं होतं. डोंगरमाथ्यावर, खडकांच्या खाचेत राहणारं हे नेचं कापलेल्या गवतात कसं आलं म्हणून त्यांनी चार पानी टिपण लिहिलं. ओळख पटवायची तर तुरा पिकून त्यातले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. तुरा पिकायच्या आदल्या दिवशी क्रीडा महोत्सवासाठी मैदान साफ झालं. विभागप्रमुखांनी टिपणाच्या समासात लाल शाईने दोन शब्द लिहिले, 'पाहण्यात चूक', आणि कागद परत केला. बाईंनी तो कागद जपून ठेवला. काही बायका दागिने जपतात, काही अपमान जपतात. बाई दोन्ही जपत, पण अपमान जास्त व्यवस्थित.

तर आता ते नेचं पुन्हा समोर उभं होतं, कारण बंगल्याचं गवत कापायचं मशीन महिनाभर बिघडलेलं होतं. शास्त्राची प्रगती बऱ्याचदा अशीच होते. बाईंनी हिशेब केला: तुरे पिकायला बरोब्बर दोन आठवडे, म्हणजे पुढच्याच्या पुढचा शुक्रवार. मग त्यांनी हेडमाळ्याला बोलावलं.

"मशीन कधी येणार?"

"आलंच म्हणायचं, मॅडम. पुढचा सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारी."

म्हणजे एका दिवसाने घात. "एवढा एक मीटर सोडून कापा," बाई म्हणाल्या.

हेडमाळी तीस वर्षं नोकरीत होता आणि पाच राज्यपाल त्याने कुंड्यांसारखे आत-बाहेर होताना पाहिले होते. त्याने डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "कापायला लेखी लागत नाही, मॅडम. ते चालूच असतं. न कापायला लेखी लागतं."

बाईंनी नाश्त्याच्या टेबलावर विषय काढला. "अहो, मला हिरवळीतला एक मीटर हवाय."

राज्यपाल मनाने चांगला माणूस. पण सकाळी त्यांच्यापुढे सात वर्तमानपत्रं असत आणि ते त्यांच्या पलीकडून बोलत. "अगं, सगळी हिरवळ तुझीच आहे."

"सगळी नको. एकच मीटर. पण कापायचा नाही."

"मग सचिवांना सांग ना," पाचव्या वर्तमानपत्रामागून आवाज आला.

सचिवांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि फाइल उघडली. विषय घातला: 'हिरवळीवरील एक चौरस मीटर क्षेत्रावर यथास्थिती राखण्याबाबत'. बाई म्हणाल्या, यथास्थिती कसली, ते गवत कापू नका एवढंच लिहा. सचिव म्हणाले, मॅडम, तसं लिहिलं तर कोणाला कळणार नाही.

फाइल चालू लागली. फाइल चालते म्हणजे किती चालते हे बाईंना कॉलेजातल्या अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून त्यांनी स्वतःच चौकट आखायचं ठरवलं. चार खुंट्या मंडपवाल्याच्या सामानात मिळाल्या. दोरी मात्र कुठे मिळेना. तेव्हा त्यांना आपल्या कपाटातला खण आठवला. दोन वर्षांत त्यांनी शाळा, दवाखाने, पूल, एक पोहण्याचा तलाव आणि एकदा नुसताच जिना, अशा एकशे चाळीस गोष्टींची उद्घाटनं केली होती, आणि कापलेल्या फितीचा तुकडा दर वेळी आठवण म्हणून त्यांच्या हातात ठेवला जाई. खण लाल साटीनने भरला होता. बाईंनी दोन तुकडे गाठीने जोडले आणि खुंट्यांभोवती फीत ताणून नेच्यांना चौकट घातली. भिंगातून एकदा सतराही नेची मोजली. मग हात झटकून त्या राज्यपालांबरोबर आठ दिवसांच्या दौऱ्यावर निघून गेल्या.

इथे बाईंचं चुकलं. एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं की त्या बंगल्यात लाल फितीचा अर्थ एकच होता.

सचिवांनी दुपारी खिडकीतून बघितलं. हिरवळीच्या मधोमध लाल साटीनची चौकट. एक मीटरची ती फाइल पुढे सरकवली तेव्हाच त्यांच्या डोक्यातूनही सरकली होती. काहीतरी समारंभ आहे, आणि तो आपल्याला माहीत नाही. सचिव म्हणून त्यांच्या बावीस वर्षांच्या कारकिर्दीत असं कधी घडलं नव्हतं, आणि घडलं असतं तरी ते त्यांनी कबूल केलं नसतं. 'हे काय आहे' असं विचारणं म्हणजे 'मला कोणी सांगितलं नाही' असं जाहीर करणं. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी बांधकाम खात्याला पत्र पाठवलं, 'हिरवळीवरील नियोजित कामाची पूर्वतयारी करावी'. कुठलं काम ते पत्रात नव्हतं. बांधकाम खात्यालाही विचारायची लाज वाटली.

इंजिनिअर टेप घेऊन आले. एक मीटर बाय एक मीटर. त्यांनी चौकटीभोवती तीन चकरा मारल्या. कारंजं म्हणावं तर लहान, ध्वजस्तंभ म्हणावा तर मोठा. "पुतळा असणार," ते सहाय्यकाला म्हणाले. सहाय्यकाने ते घरी बायकोला सांगितलं. ती न्यायाधीशीणबाईंकडे विणकाम शिकायला जाई.

न्यायाधीशीणबाई म्हणजे शेजारच्या बंगल्यातल्या. त्यांचे यजमान कोर्टात निकाल देत आणि त्या घरी. त्यांचा फोन बाईंना दौऱ्यावर, एका दवाखान्याच्या पायरीवर, कात्री हातात असताना आला.

"वहिनी, मला हे बाहेरून कळावं? पुतळा बसवताय म्हणे."

"कुणाचा पुतळा?"

"आता ते मी माझ्या तोंडाने कसं बोलू? पण एक सांगते, राग मानू नका. एक मीटरात बसलेला मावत नाही. उभाच करा. आणि भाऊजींचं पोट जरा आत घ्यायला सांगा कारागिराला. माणसाचं पोट कमी-जास्त होतं, पुतळ्याचं कायमचं राहतं."

"अहो, पुतळा नाही. नेचं आहे ते."

"नेचं का होईना," न्यायाधीशीणबाई समजुतीने म्हणाल्या, "पण पोट आत घ्या."

बाईंनी ताबडतोब सचिवांना फोन लावला. "त्या चौकटीला कोणी हात लावायचा नाही. ती माझी आहे."

"अर्थातच मॅडम," सचिव म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला. निदान कुणाचं काम आहे ते तरी कळलं. फोन ठेवून त्यांनी कागदावर लिहिलं: 'मॅडमच्या संकल्पनेतून'. आणि निमंत्रणपत्रिका छापायला पाठवल्या.

बुधवारी दुपारी बाई परत आल्या तेव्हा हिरवळीवर मंडप उभा होता. एकशे वीस खुर्च्या होत्या. चौकटीच्या बाजूला संगमरवराची कोनशिला टेकवून ठेवली होती. तिच्यावर राज्यपालांचं नाव मोठ्या अक्षरात कोरलं होतं, तारीख कोरली होती, 'यांच्या शुभहस्ते' कोरलं होतं, आणि त्याच्या वर 'या' आणि 'ची पायाभरणी' या दोन शब्दांच्या मध्ये वीतभर कोरी जागा होती. कशाची पायाभरणी ते कोणाला माहीत नसल्यामुळे जागा सोडली होती. नंतर कोरता येईल, इंजिनिअर म्हणाले.

"हे काय आहे?" बाईंनी सचिवांना विचारलं.

"मॅडम, आपलीच संकल्पना."

"माझी संकल्पना गवत न कापण्याची होती."

"हो ना, मॅडम. म्हणूनच कापणी समारंभ संपल्यावर ठेवलीय. समारंभ संपताच. लेखी काढलंय."

बाईंनी चौकटीत डोकावून बघितलं. सतराही नेची जागेवर होती. तुरे टपोरे झाले होते, पण अजून हिरवे. पिवळे व्हायला दोन दिवस. आणि सचिवांच्या लेखी हुकमाप्रमाणे नेच्यांच्या आयुष्याचे उरले होते वीस तास.

कुंडीत लावा की, असं न्यायाधीशीणबाईंनी कुंपणावरून सुचवलं. कुंडीत लावता येत नाही, या नेच्याचा जमिनीतल्या बुरशीबरोबर संसार असतो, तो मोडला की ते जगत नाही, असं बाईंनी सांगितलं. न्यायाधीशीणबाईंना ते ऐकून फार वाईट वाटलं. पण त्या म्हणाल्या, संसार कुंडीतही होतात वहिनी, आपले नाही का.

जेवताना बाईंनी नवऱ्याला सगळं नीट सांगितलं. ते दौऱ्याने दमले होते. "अगं, एकशे वीस माणसं बोलावलीत. आता रद्द करायचं तर कारण द्यावं लागेल. काय कारण देऊ? गवत?"

ताटातला घास तसाच ठेवून बाई उठल्या. चौतीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्याशी कधी वाकडं बोलला नव्हता, आणि आताही बोलला नव्हता. पण त्या 'गवत' शब्दापुढे विभागप्रमुखांची लाल शाई परवडली. त्यांनी निदान चूक म्हणण्याइतकं तरी पाहिलं होतं.

गुरुवारी सकाळी दहाला सगळे जमले. बॅंड वाजला. राज्यपालांच्या हातात चांदीची थापी दिली गेली. ते चौकटीपाशी आले, वाकले आणि थबकले. खड्डाच नव्हता. फितीच्या आत जसंच्या तसं गवत होतं.

"खड्डा कुठाय?" सचिवांनी ओठ न हलवता विचारलं.

"खणायचं कशासाठी ते कागदावर आलं नाही, साहेब," हेडमाळी म्हणाला. "कशासाठी ते लेखी लागतं. इंजिनिअर साहेबांना तीनदा विचारलं. ते म्हणाले, बघू." त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना त्याच्या नियमावर प्रेम आलं.

सचिव बावीस वर्षं उगाच सचिव नव्हते. ते हसतमुखाने माइकपाशी गेले. "मॅडमच्या संकल्पनेतून साकारत असलेल्या या... या उपक्रमाविषयी मॅडमनीच दोन शब्द सांगावेत अशी विनंती आहे."

बाईंनी माइक हातात घेतला. राज्यपालांच्या पत्नीने दोनच शब्द बोलायचे असतात हे यादीत होतं. पण समोर एकशे वीस माणसं ओळीत बसलेली, मागच्या रांगेत कुजबुज चाललेली, आणि हातात भिंग. एकतीस वर्षांची सवय यादी बघत बसत नाही.

"मागच्या बाकावर ऐकू येतंय का?" बाई म्हणाल्या. कुजबुज थांबली. दोन उपसचिव ताठ बसले.

मग बाईंनी शिकवलं. हे झाड तुमच्या-माझ्याहून, फुलांहूनही किती जुन्या कुळातलं आहे ते सांगितलं. वर्षातले मोजके आठवडे एकच पान घेऊन वर येतं आणि बाकी वर्ष जमिनीखाली गुपचूप काढतं हे सांगितलं. "माणसाच्या एका पेशीत गुणसूत्रं असतात सेहेचाळीस. शिपाई असो की राज्यपाल. या नेच्याच्या नात्यातल्या एकाच्या पेशीत बाराशेहून जास्त असतात. तेव्हा आज इथे सगळ्यात मोठे पाहुणे कोण, ते तुम्हीच ठरवा." मैदानावर काय झालं तेही त्यांनी सांगितलं, लाल शाईसकट.

नंतर प्रात्यक्षिक. पाच-पाच जणांनी यायचं, गुडघ्यावर बसायचं, फितीच्या आत हात घालायचा नाही. न्यायाधीश गुडघ्यावर बसले ते पुन्हा उठेनात. एडीसीने त्यांना उठवलं. न्यायाधीशीणबाई भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या. "वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "हे पुतळ्यापेक्षा बरं आहे."

सगळं इतकं छान चाललं असताना तबक आलं. कोणी मागवलं नव्हतं, पण फीत असली की तबक येतंच. तबकात मखमल, मखमलीवर कात्री. राज्यपाल पत्नीकडे बघत कसल्यातरी विचारात उभे होते. हातात कात्री आली, समोर फीत होती, आणि दोन वर्षांत त्या हाताला हे काम इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याने मालकाला विचारलंच नाही. कच्. टाळ्या. बॅंड.

समारंभ संपला.

हिरवळीच्या टोकाला मशीन धडधडू लागलं. बाई धावल्या. राज्यपालांच्या पत्नीने धावू नये. "बंद करा ते."

"मॅडम, लेखी आहे," हेडमाळ्याने खिशातून कागद काढला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "'समारंभ संपताच.' न कापायचं लेखी काही आलं नाही." मशीनवरचा माणूस एक पट्टा कापून वळला आणि मधल्या पट्ट्याला लागला.

फाटकावरचा पहारेकरी सगळं बघत होता. त्याने वायरलेस तोंडाशी धरला.

"साहेब बसले," त्याने कळवलं.

खरंच बसले होते. काळा बंद गळ्याचा कोट, छातीवर गुलाब, आणि महामहीम राज्यपाल मांडी घालून, नेच्यांपासून बरोबर एक वीत अंतर ठेवून, कापलेल्या फितीच्या बाजूला बसले होते. राज्यपालांपासून वीस मीटरच्या आत कुठलंही यंत्र चालवू नये असा सुरक्षेचा नियम होता, आणि तो लेखी होता. मशीन बंद पडलं. एकशे वीस पाहुण्यांना उभं राहावं की बसावं ते कळेना.

"ती यथास्थितीची फाइल कुठाय?" राज्यपालांनी विचारलं.

"सर," सचिव चाचरले, "आपल्याच टेबलावर. दौऱ्याच्या आधीपासून."

"माझ्या टेबलावर," राज्यपाल म्हणाले. "आणा इथे."

फाइल आली. त्यांनी ती मांडीवर उघडली. 'प्रयोजन' या शब्दापुढे तिथेही कोरी जागा होती. "अगं, इकडे ये. इथे काय लिहू? नीट सांग, मला येत नाही त्यातलं."

बाई शेजारी बसल्या. "लिहा, बीजाणू पिकेपर्यंत."

"बी-जा-णू," राज्यपालांनी सावकाश लिहिलं, खाली सही केली आणि कागद हेडमाळ्याच्या हातात दिला. हेडमाळ्याने तो दोनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला आणि मशीनवाल्याला हाताने परत जायला सांगितलं. राज्यपाल उठले नाहीत. गुडघा धरला होता हे एक, आणि दुसरं त्यांना बोलायचं होतं.

"गवत नाहीये ते," ते बाईंकडे न बघता म्हणाले.

"नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांनी भिंग लावलं.

शुक्रवारी सकाळी तुरे पिवळे झाले. बाईंनी एक तुरा कागदावर झटकला. पिठासारखी भुकटी पडली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक बीजाणूवर जशी हवी तशी नाजूक जाळी दिसली. डोंगरमाथ्यावरचंच नेचं. बाईंनी छायाचित्रं काढली, जुन्या टिपणाला नवी दोन पानं जोडली आणि सगळं पाकिटात घालून विभागप्रमुखांच्या पत्त्यावर पाठवलं. ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि कोणाच्या पत्राला उत्तर देत नाहीत अशी ख्याती होती. कोनशिला कोऱ्या जागेसकट गुदामात गेली. पुढेमागे लागेल, इंजिनिअर म्हणाले.

तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं. आत तोच जुना कागद होता, समासात तेच दोन शब्द, 'पाहण्यात चूक'. लाल शाई आता तपकिरी पडली होती. त्याच्याखाली त्याच अक्षरात, ताज्या लाल शाईत, एकच शब्द वाढवला होता: 'माझी'.

बाईंनी तो उभ्यानेच वाचला. मग त्या बाहेर आल्या, हिरवळ ओलांडली आणि आपल्या एका मीटरापाशी कागद मांडीवर घेऊन बसल्या. नेची आता जमिनीखाली गेली होती, दिसण्यासारखं काही नव्हतं.

"मॅडम बसल्या," फाटकावरून वायरलेस खरखरला.

"बसू दे," आतून उत्तर आलं, आणि तो आवाज एडीसीचा नव्हता.